भंडारा टीम

किस्से घडायला फार काही लागत नाही, ते सांगायला माणूस लागतो. माणूस समोर असला की किस्सा त्याच संध्याकाळी चहाबरोबर खर्च होतो. माणूस नसला की ते साठत जातात. माझ्याकडे असे बरेच साठलेत. आज तुम्ही तावडीत सापडला आहात, तर थोडे मोकळे करतो.

आधी आम्ही कोण ते सांगतो. निखिल, प्रणाली आणि मी. तिघंही पवनीचे. नागपूरला एकाच कॉलेजात कंप्युटर शिकलो आणि तिथल्याच कुठल्याशा शिबिरात एका ब्राउझरच्या नादी लागलो. ब्राउझर म्हणजे इंटरनेट ज्यातून बघतात तो प्रोग्रॅम. हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय की झोपेतही बोलतो, असं आई सांगते. हा ब्राउझर फुकट होता, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेला आणि मुख्य म्हणजे मराठीत होता. कंप्युटरबरोबर जो आपोआप येतो तो सोडून शाळा-कॉलेजातल्या पोरांनी हा वापरावा, म्हणून गावोगाव सांगत फिरायचं, हे आमचं काम. पगार नाही. टी-शर्ट, स्टिकर आणि सीडी मिळायच्या.

वरच्या मंडळींनी आमचं नाव ठेवलं होतं "भंडारा टीम". गोंदिया जिल्हा वेगळा होऊन बरीच वर्षं झाली होती, पण बंगलोरमध्ये ती बातमी पोचली नसावी. "गोंदियाही तुमच्याचकडे ना?" असं ते दर मीटिंगला विचारायचे आणि निखिल दर मीटिंगला "हो" म्हणायचा. तो म्हणायचा, "असू दे ना यार. आपलं राज्य मोठं दिसते."

*

पहिली शाळा पवनी तालुक्यातलीच. तिथे कंप्युटर होता, पण त्यावर मुख्याध्यापकांच्या मंडळींनी विणलेलं क्रोशाचं झाकण होतं आणि ते काढायला सर तयार नव्हते.

"धूळ बसते," सर म्हणाले. "तुम्ही असंच समजावून सांगा. पोट्टे हुशार हायेत."

मग प्रणालीने खडू घेतला आणि फळ्यावर ब्राउझर काढला. वर पत्त्याची पट्टी, डावीकडे मागे-पुढे जायचे बाण, मधे पान, उजवीकडे वर-खाली सरकवायची पट्टी. पोरांनी मन लावून वहीत उतरवून घेतलं. शेजारी झाकणाखाली खरा कंप्युटर बसून होता.

सहामाही झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो, तर सरांनी मोठ्या कौतुकाने पेपर पुढे केला. त्यात फुलाच्या उभ्या छेदानंतरचा प्रश्न होता: "ब्राउझरची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या."

एक पोरगा तक्रार घेऊन प्रणालीकडे आला. त्याची आकृती अगदी बरोबर होती, नावंही सगळी होती, तरी अर्धा गुण कापला होता. प्रणालीने सरांना विचारलं.

"पेनानं काढली त्यानं," सर म्हणाले. "आकृती पेन्सिलनंच काढा लागते, म्याडम. तुम्हीच सांगा त्याले."

प्रणालीने त्याला सांगितलं. दुसरं काय करणार होती?

*

पवनीत तेव्हा एक नेट कॅफे होता. मालक मनोजभाऊ. आम्ही त्याच्या सगळ्या मशिनांवर आमचा ब्राउझर टाकून दिला आणि टपरीवर जाऊन जिंकल्यासारखा चहा प्यालो. पुढच्या रविवारी जाऊन बघतो तर एकाही मशिनवर तो नाही.

निखिलचं डोकं फिरलं. "काहून काढला, भाऊ?"

"लयच फास्ट हाय तुमचा," मनोजभाऊ म्हणाला.

"मंग?"

"मंग काय? पोट्टा येते, निकाल पाहते, फारम भरते, अन् अर्ध्या घंट्यात उठून जाते. पयलेवाल्यात दीड घंटा बसत होता. मी घंट्यावर धंदा करतो बाबू, स्पीडवर नाही."

आमच्या ब्राउझरची इतकी मनापासून तारीफ त्यानंतर कोणी केली नाही.

*

स्टिकरचा किस्सा लाखांदूरकडचा. आमचं चिन्ह म्हणजे निळ्या गोलात पंख पसरलेला पक्षी. पोरांना ते फार आवडलं. त्यांनी ते दप्तरावर, सायकलवर, हातपंपावर, ट्रॅक्टरच्या बोनेटवर, जिथे जागा दिसेल तिथे चिकटवलं. आम्ही खूश. नेमकी त्याच सुमारास जिल्हा परिषदेची निवडणूक लागली.

एका गावात पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी निखिलला थांबवलं. निखिलच्या टी-शर्टवर तोच पक्षी होता.

"निशाणी त गावभर दिसली," आजोबा म्हणाले. "मानूस कोन हाय तुमचा?"

"माणूस नाही आजोबा, हा ब्राउझर आहे."

"कोनत्या पार्टीचा?"

"कोणत्याच नाही. कोणत्या कंपनीचाही नाही. स्वतंत्र आहे."

"म्हंजे अपक्ष," आजोबांनी निकाल दिला.

निखिलने थोडा विचार केला आणि मान हलवली. खोटं काहीच नव्हतं त्यात.

पुढे तपासणीला कोणी साहेब आले. त्यांनी शाळेत जिथे जिथे पक्षी दिसला तिथे तिथे आचारसंहिता म्हणून कागद चिकटवायला लावला. भिंतीवर, दारावर, कपाटावर कागद लागले. मग कंप्युटर चालू केला तर स्क्रीनवरही पक्षी! शिपायाने मॉनिटरच्या काचेवर, बरोब्बर त्या जागी, कागदाचा चौकोन डिंकाने चिकटवून टाकला. मतमोजणी झाली, नवीन लोक निवडून आले, त्यांचे हारतुरे झाले, तरी तो कागद निघाला नाही. मी विचारलं तर शाळेतले म्हणाले, चिकटवायचा आदेश आला होता, काढायचा आलेला नाही.

परतताना तेच आजोबा भेटले. त्यांनी निखिलला जवळ बोलावून हळू आवाजात विचारलं, "पडला का तुमचा?"

"पडला आजोबा."

"जाऊ दे," आजोबा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "पुढच्या खेपेले पुन्हा उभा करा. निशाणी चांगली होती."

*

निखिल त्याच उन्हाळ्यात पुण्याला गेला. पुढच्या दिवाळीआधी प्रणालीला हैदराबादला नोकरी लागली. दोघांनाही मीच बसमध्ये बसवून दिलं. दोघंही खिडकीतून एकच वाक्य बोलले, "तू सोडू नको बरं, चालू ठेव." त्यांना बोलून टाकायला सोपं होतं.

मी चालू ठेवलं. सकाळी एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवायचो, त्यावर भागत होतं. दुपारी बॅगेत सीडी आणि स्टिकर घेऊन एसटी पकडायचो. सुरुवातीला रोज संध्याकाळी फोन व्हायचे. मी शाळेतलं काहीतरी सांगायचो, ते पोट धरून हसायचे. मग निखिल "मीटिंगमध्ये आहे, करतो" म्हणायला लागला आणि करायचा नाही. त्याचाही दोष नव्हता. पण मला मोबाइल पालथा ठेवायची सवय लागली. टपरीवाला काही दिवस मला बघून तीन चहा ओतायचा, मग मी एकटाच उरलोय हे त्याच्याही लक्षात राहायला लागलं.

एकटं वाटायचं. आडपडदा कशाला ठेवू? गावात आई-बाबा होते, ओळखीचे शंभर लोक होते. पण आज लाखांदूरला काय धमाल झाली, हे ज्याला सांगितलं की कळेल असा एकही नव्हता. ब्राउझर या विषयावर जिल्ह्यात बोलणारा मी एकटाच आणि ऐकणाराही मीच.

तेव्हा मी मनाशी एक ठरवलं. एकदा, एका तरी शाळेत, मी न सांगता, मी तिथे नसताना, पोरं आपणहून आमचा ब्राउझर उघडून बसलेली मला बघायची होती. तसं दिसलं तर मी एकटा नाही असं समजून इथंच राहायचं. नाही दिसलं तर निखिलचं ऐकायचं, तो आता पुण्याला ये म्हणत होता, आणि त्याच्या कंपनीत मुलाखत द्यायची.

मी अचानक शाळांमध्ये जाऊन बघायला लागलो. कुठे कंप्युटरवर पोषण आहाराच्या पोत्यांची रास, कुठे खोलीला कुलूप. एका ठिकाणी ब्राउझर उघडा होता, मला हर्ष झाला. जवळ जाऊन बघतो तर मीच आठ महिन्यांपूर्वी उघडलेलं पान होतं. तेव्हापासून कोणी हातच लावला नव्हता आणि लाइन गेली तरी इन्व्हर्टरमुळे तो कंप्युटर म्हणे कधी बंद पडत नव्हता.

*

रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत शाळेत जाऊ नये, हे मला कळायला हवं होतं. इथलाच आहे मी. पण घरी बसवेना म्हणून गेलो. तलावाच्या काठावरची शाळा, पोरं सगळी धानाच्या बांधीत आईबापांबरोबर, आणि शाळेत फक्त गुरुजी. निवृत्तीला आलेले. मला बघून ते इतके खूश झाले की मीच ओशाळलो.

"बसा. कोनी नाही आज. मलेच शिकवा," ते म्हणाले.

मी शिकवायला बसलो. पत्त्याच्या पट्टीत काहीही लिहा, म्हटलं, ज्याबद्दल जाणून घ्यायचं असेल ते लिहा. गुरुजींनी बराच वेळ विचार केला आणि एकेक अक्षर शोधत त्यांचा मुलगा राहतो त्या शहराचं नाव लिहिलं. मी त्यांना तिथलं हवामान दाखवलं. ढगाचं चित्र, त्याखाली थेंब.

"म्हंजे तिकडं पानी येऊन राहिला?"

"हो, आत्ता, या वेळेला."

ते चित्राकडे बघत राहिले. "छत्री नेली असंल का त्यानं?"

"फोन करून विचारा ना, गुरुजी."

"कामात असते तो," ते म्हणाले. मग चष्मा पुसून त्यांनी मला विचारलं की हे पान उद्या पुन्हा कसं आणायचं. मी दाखवलं. त्यांनी माझ्यादेखत ते चारदा बंद करून चारदा उघडलं. बाहेर आलो तेव्हा परतीची बस यायला बराच अवकाश होता, पण मी पुन्हा आत गेलो नाही. गेलो असतो तर मीही रडलो असतो.

*

आता केकचं ऐका. ब्राउझरची नवी आवृत्ती आली की जगभरच्या टीमा केक कापून फोटो पाठवायच्या. वरून मेल आला: "भंडारा टीम, तुमचा फोटो अजून आला नाही." मी पवनीतल्या बेकरीत गेलो.

"नाव काय टाकू?" बेकरीवाल्याने विचारलं.

"ब्राउझर."

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "लहान पोरगा हाय का?"

"नाही हो. प्रोग्रॅम आहे. कंप्युटरमधला."

"प्रोग्राम हाय तं प्रोग्राम," तो म्हणाला, आणि संध्याकाळी डबा उघडून बघतो तर केकवर गुलाबी अक्षरांत "हॅप्पी बर्थडे ब्राउझर भाऊ" लिहिलेलं.

क्लासमधली चार पोरं येतो म्हणाली होती. त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती, कोणी आलं नाही. मी केक पुढ्यात घेऊन बसलो होतो. आईने थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "फोटोत किती जन पायजेत?"

"टीम पाहिजे, आई. निदान तिघं तरी."

आईने कपाट उघडलं. निखिल आणि प्रणालीचे टी-शर्ट जाताना माझ्याकडेच राहिले होते. आईने प्रणालीचा टी-शर्ट लुगड्यावरूनच चढवला. बाबांना निखिलचा पोटावर घट्ट होत होता, तरी ते श्वास रोखून उभे राहिले. मी मोबाइल खिडकीत ठेवला, टायमर लावला आणि पळत जाऊन दोघांच्या मधे उभा राहिलो. बाबांनी केक कापला आणि सवयीने "जय भीम" म्हणाले.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. आमचा फोटो त्यांनी सगळ्या टीमांना दाखवला होता. खाली लिहिलं होतं: "भंडारा टीममध्ये ज्येष्ठ नागरिकांचा एवढा उत्साही सहभाग पाहून आनंद झाला. हा प्रयोग इतर जिल्ह्यांनीही करावा."

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पुढची मिटिंग कवा हाय, तं सांगजो."

हसलो खूप. त्याच संध्याकाळी निखिलला कळवून टाकलं की मुलाखतीची तारीख ठरव.

*

तारीख ठरली. जायच्या आदल्या आठवड्यात उरलेल्या सीडी कुठेतरी देऊन टाकाव्या म्हणून निघालो. कोंढ्याच्या पुढे एका लहान गावात सातवीपर्यंतची शाळा आहे. तिथे मी वर्षभरापूर्वी एकदाच गेलो होतो. पुन्हा येतो म्हणालो होतो, पण मधे बसची वेळ बदलली आणि राहून गेलं. ती शाळा माझ्या हिशेबातच नव्हती.

गेलो तेव्हा मधली सुट्टी होती. बाई ओसरीवर लहान पोरांना जेवायला वाढत होत्या. वर्गाच्या दारात पोचलो आणि थांबलो. कोपऱ्यात कंप्युटर चालू होता, पाच-सहा पोरं-पोरी त्याच्याभोवती दाटीने उभ्या होत्या, आणि स्क्रीनवर आमचा ब्राउझर होता. मी न सांगता, मी नसताना. इतके दिवस जे बघायला वणवण केली ते समोर होतं, आणि मला आत जायचंही सुचेना.

"सर आले," कोणीतरी म्हणालं. वर्षभराने त्यांनी मला ओळखलं.

मी जवळ गेलो. वरच्या पट्टीत टॅबच टॅब, एकाला एक चिकटलेले. नावंही वाचता येत नव्हती. भरून आलं होतं, पण मास्तरकी काही सुटत नाही. मी म्हणालो, "अरे, इतके टॅब उघडे ठेवले तर कंप्युटर मंद होतो. लागतात तेवढे ठेवा, बाकीचे बंद करू." आणि माउस हातात घेतला.

"नोका करू, सर," एक मुलगी घाईने म्हणाली. आचल तिचं नाव, सातवीतली, खुर्चीवर तीच बसली होती. "ज्याचा त्याचा हाय तो."

"ज्याचा त्याचा म्हणजे?"

"तुम्हीच त सांगतलं होतं. एकाच खिडकीत समद्याईले जागा होते म्हून."

टॅब म्हणजे काय ते समजावताना मी असं म्हणालो असेन. कंप्युटर एक आणि पोरं वर्गभर. त्यांनी प्रत्येकाला एकेक टॅब वाटून दिला होता, एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसा. आचलने मला एकेक दाखवला. हा रोशनचा, त्यात ट्रॅक्टर. हा तिचा स्वतःचा, त्यात चंद्राचे फोटो. एकात पोलीस भरती, एकात हत्ती, एकात गोसेखुर्दच्या धरणाचं पाणी. दुसऱ्याच्या टॅबमध्ये कोणी जायचं नाही. नवीन पोरगं शाळेत आलं तर त्याला शेवटचा. एक मुलगी मामाच्या गावी गेली होती, तिचाही जागच्या जागी होता.

"अन् लाइन गेली तं?" मी विचारलं. बोलता बोलता मीही त्यांच्यासारखाच बोलायला लागलो होतो.

"मंग सप्पा टॅब पुन्हा मांडतो. ओळीनं."

"रोज?"

"लाइन रोजच जाते ना, सर."

ते सगळं एका बटणात परत आणता येतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी सांगितलं नाही.

ओळीतला पहिला टॅब मात्र कोरा होता. आत पांढरं पान, बाकी काही नाही. म्हटलं, "हा तरी बंद करू का? हा तर रिकामाच आहे."

आचलने माउसवर हात ठेवला. "तो तुमचा हाय. लाइन आली का पयले तुमचाच मांडतो."

"माझा आहे तर मग रिकामा कायले ठेवला?"

ती खुर्चीवरून उठली आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"तुम्ही बसलेच कुठं अजून?"